बाळासाहेब मयेकर आणि शेवटच्या नाचाचं गाणं

हॉलंडमध्ये, बाडहूव्हडॉर्प या गावात घर घेतलं तेव्हा एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं, विमानांची सवय होते. साफ खोटं. नऊ वर्षं झाली, मला झालेली नाही. विमानतळ गावाला इतका चिकटून आहे की वारा फिरला की दर दोन-तीन मिनिटांनी एक धूड डोक्यावरून जातं. मग माणसं बोलता बोलता थांबतात, विमान जाऊ देतात आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढे चालू करतात. जुन्या गावकऱ्यांना तर आपण थांबलो हेसुद्धा कळत नाही. बाळासाहेब मयेकर त्या जुन्या गावकऱ्यांपैकी एक.

त्यांची माझी ओळख आल्बर्ट हाइन या सुपरमार्केटमध्ये बिलाच्या रांगेत झाली. मी फोनवर पुण्याला आईशी भांडत होते. मराठीत भांडण्याचा इथे एक फायदा असतो, आजूबाजूला कुणाला काही कळत नाही. मी मनसोक्त आवाज चढवला होता, आणि मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "आईशी असं बोलू नये गो."

मी वळून पाहिलं. उंच, काळासावळा, सत्तरीचा म्हातारा. डोक्यावर रुंद कडांची क्रीम रंगाची हॅट, गळ्याशी चांदीचं बक्कल लावलेली बारीक दोरी, पायात टाचांचे बूट. टोपलीत दोन केळी आणि एक पाव. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हटलं, "आणि अनोळखी माणसांचं बोलणं ऐकू नये." त्यावर ते असे काही हसले की माझा राग तिथेच संपला. "देवगडचा मयेकर," ते म्हणाले. "पन्नास वर्षं झाली इथे. तू पुण्याची दिसतेस. म्हणजे ऐकावं लागणारच."

हा माणूस हॉलंडमध्ये बत्तीस वर्षं वेस्टर्न स्विंग गात होता, हे मला पुढे महिन्याभराने कळलं. वेस्टर्न स्विंग म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं. काकांनी, तोवर मी त्यांना काका म्हणू लागले होते, एका वाक्यात सांगितलं: "काउबॉय लोकांचं गाणं, पण बसून ऐकायचं नाही, उठून नाचायचं." अमेरिकेत टेक्सासच्या बाजूला शंभरेक वर्षांपूर्वी सुरू झालेला हा प्रकार. फिडल म्हणजे व्हायोलिन, आडवी ठेवून सूर सरकवत वाजवायची स्टील गिटार, ड्रम, आणि गायक असा की ज्याने गाताना नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघायचं. पाय अडखळले तर चूक गायकाची. त्यांच्या मते गायकाचं सगळं शास्त्र एवढंच.

काका एकोणिसाव्या वर्षी बोटीवर गेले, इंजिनरूममध्ये. बाविसाव्या वर्षी बोट दुरुस्तीला रॉटरडॅमला लागली आणि तीन आठवडे अडकली. एका रविवारी दुपारी बंदराजवळच्या एका बारमधून स्टील गिटारचा आवाज आला. हा आवाज देवगडच्या पोराला ओळखीचा होता, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी त्याच वाद्यावर वाजायची. आपल्याकडचं कुणीतरी आत आहे असं समजून ते धावत आत गेले. आत सगळे गोरे, डोक्यावर हॅटा. स्टील गिटार वाजवणारा कूस नावाचा लाल केसांचा तरुण होता. काका दारातच उभे राहून त्याच्यासोबत गुणगुणायला लागले. शब्द येत नव्हते म्हणून नुसतं आ-आ करत. कूसने वाजवता वाजवता मानेने खूण केली, ये वर.

पुढच्या वर्षी कागदपत्रं करून ते परत आले ते कायमचे. त्या बारमध्ये नाचायला येणाऱ्या तिनेकेशी लग्न केलं; ती आता नाही. विमानतळावर मालाच्या विभागात नोकरी धरली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. आठवडाभर पेट्या उचलायच्या आणि शनिवारी-रविवारी कूसच्या 'पोल्डर रायडर्स' या बँडमध्ये गायचं. गावोगावची समाजमंदिरं, गोठ्यासारखे हॉल, शेतकऱ्यांची लग्नं, अग्निशमन दलाचे वर्धापनदिन. जाहिरातीच्या कागदावर हमखास छापलेलं असे, 'एकाच माणसात काउबॉय आणि इंडियन'. हा विनोद त्यांनी बत्तीस वर्षं सहन केला. मी विचारलं, राग नाही आला? म्हणाले, "पहिली दहा वर्षं आला. मग कंटाळा आला."

त्यांची मुलगी सलोनी. इथल्या लोकांना उच्चारता यावं आणि देवगडच्या आजीलाही कळावं म्हणून निवडलेलं नाव. ती अशाच हॉलमध्ये लोकांच्या कोटांच्या ढिगाऱ्यावर झोपून मोठी झाली. आता ग्रोनिंगनला शाळेत शिकवते. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत किंवा डचमध्ये येतं.

आपल्या मराठी मंडळींना काकांचं हे काही ठाऊक नव्हतं, आणि त्यात आपलं कौतुक करण्यासारखं काही नाही. आपण सगळे हायली स्किल्ड, म्हणजे शिकलेल्यांचा खास व्हिसा घेऊन आलेले. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला एक हॅटवाला म्हातारा मागच्या खुर्चीत बसतो, जेवून जातो, एवढीच त्याची नोंद. एकदा कुणीतरी गायचा आग्रह केला तेव्हा ते उठून पुढे गेले, तोंड उघडणार तेवढ्यात संयोजक म्हणाले, काका, भावगीत म्हणा हं. काका म्हणाले, भावगीत येत नाही. आणि खाली बसले. मी तिथे होते आणि मीही टाळ्या वाजवून पुढच्या गायिकेकडे वळले होते.

आता मुद्द्याची गोष्ट. बत्तीस वर्षं गाऊनही काकांचं एकही रेकॉर्डिंग नव्हतं. नाचाच्या बँडला कोण रेकॉर्ड करतं? लोक नाचायला येत. शहाऐंशी साली एकदा योग आला होता. कूसने जमवाजमव करून स्टुडिओ ठरवला, हॅट घालून सगळ्यांचा फोटो निघाला, आणि रेकॉर्डिंगच्या चार दिवस आधी देवगडला काकांची आई गेली. काका विमानात बसले. स्टुडिओची तारीख बदलेना, म्हणून बास गिटार वाजवणाऱ्याने गाणी म्हटली. पाचशे तबकड्या निघाल्या. त्यातली एक काकांच्या भिंतीवर आहे. वर मधोमध काकांचा हसरा फोटो, आणि आत दुसऱ्याचा आवाज.

"लोकांना वाटतं मीच गातोय," ते म्हणाले. "घरी येतात, ऐकतात, वा म्हणतात. मी काय सांगू?"

आणि त्या तबकडीवर त्यांचं स्वतःचं गाणं नव्हतंच. प्रत्येक कार्यक्रमाच्या शेवटी, शेवटच्या नाचासाठी काका एक मराठी गाणं म्हणत. त्यांनी स्वतः रचलेलं, कूसने चाल बसवलेली:

थांब गो जरा, थांब गो जरा,
कोट चढवायची घाई कशाला?
बस चुकली तर चुकू दे राणी,
चालत जाऊ, गाडी कशाला?

शब्द साधेच आहेत. सगळी गंमत पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या 'जरा'वर होती. तिथे काका आवाज उचलायचे, तो मध्येच फुटून वरच्या पट्टीत जायचा आणि ते तो तिथेच धरून ठेवायचे. स्टील गिटार त्याच्याखाली सरकत यायची. नाचणारी जोडपी एक पाय उचलून थांबायची. काकांनी सूर सोडला की सगळे पाय एकदम खाली. एकाही माणसाला मराठीचा गंध नव्हता, पण शेतकऱ्यांच्या बायका घरी जाताना 'थांबगोजरा' म्हणत जायच्या. हे मला सलोनीने सांगितलं, आणि सांगताना ती एकटीच स्वयंपाकघरात एक पाय उचलून उभी राहिली होती.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काकांचा आवाज बसला. आलं-मध झालं, गरम पाण्याच्या गुळण्या झाल्या, दोन महिने त्यांनी डॉक्टरचं नाव काढू दिलं नाही. जानेवारीत सलोनीने हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, ओढत नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात. घशात गाठ होती, वाईट होती आणि चुकीच्या जागी होती. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. मार्चच्या मध्यावरची तारीख मिळाली.

मी भेटायला गेले तेव्हा ते भिंतीवरच्या तबकडीकडे पाठ करून बसले होते. मला वाटलं मरणाची भीती बोलून दाखवतील. ते म्हणाले, "जगेन गो, डॉक्टर म्हणतात जगेन. पण मागे लोक काय म्हणणार? मयेकर गायचा म्हणे. म्हणे! पोरीलाही उद्या कुणी विचारलं तर म्हणे सांगावं लागणार. एक गाणं राहू दे. ते एकच. बाकी काय मागत नाही."

आणि मी, अतिशय आनंदाने, म्हणाले, "काका, हे काय अवघड आहे? माझं कामच आहे ते."

माझं काम काय ते सांगायलाच हवं. स्लोटरडाइकला स्टेशनसमोरच्या काचेच्या इमारतींपैकी एकीत माझं ऑफिस आहे. आम्ही ऑनलाइन मीटिंगसाठी लागणाऱ्या माइक आणि स्पीकरच्या आतलं सॉफ्टवेअर बनवतो. माझ्या टीमकडे त्यातला एकच भाग आहे, नको असलेला आवाज काढून टाकणं. घरातला पंखा, शेजारचा ड्रिल, रस्त्यावरची ट्राम. माणूस बोलतो तेवढं ठेवायचं, बाकी सगळं पुसायचं. मी त्याची टेस्टिंग लीड आहे. आवाजातलं मला सगळं कळतं अशी घमेंड मला होती, आणि ती मी चारचौघांत मिरवत असे.

पहिल्या शनिवारी कूस आला. आता तो सत्याहत्तर वर्षांचा, केस पांढरे, स्टील गिटार मात्र तीच. काकांच्या दिवाणखान्यात मी साधा फोन टेबलावर ठेवला. काकांनी गाणं म्हटलं. बसलेल्या घशातून म्हटलं, तरी दुसऱ्या 'जरा'ला आवाज फुटला आणि वर गेला.  आणि नेमक्या त्याच वेळी डोक्यावरून विमान गेलं. काका थांबले नाहीत, गात राहिले, पण ऐकताना त्या सुराच्या मागे विमानाची घरघर येत होती.

"हे काय?" काका वैतागले. "चाळीस वर्षं याच्या पेट्या उचलल्या, आता गाण्यातही हा?"

"काळजी करू नका," मी म्हटलं. "पुढच्या शनिवारी मी ऑफिसमधून यंत्र आणते. विमान नावालाही राहणार नाही." आणि त्यांच्या देखत मी तो फोनवरचा टेक डिलीट केला. कचरा कशाला ठेवायचा, असं म्हणाले ते मला आठवतंय.

पुढच्या शनिवारी मी आमचं सर्वात नवं यंत्र आणलं. चपटं, गोल, टेबलाच्या मध्ये ठेवायचं. आमच्या सगळ्या टेस्ट त्याने पहिल्या क्रमांकाने पास केल्या होत्या, आणि त्या टेस्ट मीच लिहिल्या होत्या. काकांना मी आधी बोलायला सांगितलं. ते बोलले, वरून विमान गेलं, मी ऐकवलं. विमान गायब! फक्त काकांचा आवाज, स्वच्छ, शेजारी बसल्यासारखा. कूसने माझी पाठ थोपटली. काका माझ्याकडे अशा काही नजरेने बघत होते की मला माझाच अभिमान वाटला.

तीन शनिवार आम्ही रेकॉर्डिंग केलं. काका दमून जात. एका दिवसात एकदाच, फार तर दोनदा म्हणता येई. दर वेळी मी सुरुवातीचं त्यांचं बोलणं तेवढं हेडफोनवर तपासलं, ठणठणीत होतं, आणि पुढचं ऐकू लागणार तेवढ्यात काकांनी हात वर केला. "आत्ता नको. ऑपरेशन झाल्यावर सगळे बसून ऐकू. तेव्हा मला काहीतरी पाहिजे ना, वाट बघायला." मी हेडफोन काढून ठेवला. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट मोडवत नाही. शिवाय मला तपासायची गरजच वाटली नव्हती. फेब्रुवारी संपता संपता त्यांचा आवाज पुरता गेला आणि गाणं बंद झालं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी, रविवारी सकाळी चहा घेऊन मी फाइल उघडली, सलोनीला पाठवण्याआधी नीट करावी म्हणून. काकांचं बोलणं ऐकू आलं. डचमध्ये कूसला ठेक्यासाठी चार आकडे मोजून दिले तेही ऐकू आले. मग कूसची गिटार सुरू व्हायला हवी होती. ती आलीच नाही. मला वाटलं हेडफोन सैल झाला. मग काकांचा 'थां' आला आणि विरला. 'ब' आला. 'गो'चा ग आला. 'ज' आला. परत तेच तुकडे, आणि दुसऱ्या 'ज'नंतर लांबच लांब शांतता.

मला कारण शोधावं लागलं नाही. चहाचा कप तसाच हातात धरून बसले होते आणि सगळं कळत होतं. विमानाचा आवाज म्हणजे काय? लांबलेला, न तुटणारा, हळूहळू चढत जाणारा सूर. स्टील गिटार म्हणजे काय? तेच. आणि काकांचा 'जरा'? बोलणारा माणूस एवढा वेळ एका सुरावर राहत नाही. यंत्राला मी शिकवलं होतं की जे लांबतं ते माणसाचं नव्हे, पूस. त्याने अगदी इमानदारीने पुसलं. आमच्या टेस्टमध्ये गाण्याची एकही टेस्ट नव्हती. मीटिंगमध्ये कोण गातं, असं म्हणून ती मीच काढून टाकली होती, दोन वर्षांपूर्वी.

तिन्ही शनिवारांच्या फाइली उघडल्या. तिन्ही तशाच. यंत्र मूळ आवाज साठवतच नाही, हे मला पाठ होतं, तरी मी ते उघडून बघितलं. ऑफिसमधल्या सर्वात हुशार माणसाकडे, प्रणवकडे, सुट्टी असूनही त्याच दिवशी फाइली घेऊन गेले. त्याने दोन तास बघून हात टेकले. "पाणी गाळून बाजूला ठेवलं असतं तर परत ओतलं असतं," तो म्हणाला. "इथे पाणीच नाहीये." मग मला फोनवरचा पहिला टेक आठवला, विमानासकटचा. डिलीट केलेल्या गोष्टी फोन तीस दिवस सांभाळतो. मी दिवस मोजले. त्रेचाळीस झाले होते. तरीही वेड्यासारखी तो कप्पा उघडून, बंद करून, परत उघडून बघत राहिले.

सलोनीला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मराठीत सगळं सांगितलं.  मग ती इंग्रजीत म्हणाली, "बट धिस इज युवर जॉब." तिने चिडून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती विचारत होती.

त्यानंतरचे दोन आठवडे आम्ही दोघींनी शोधाशोध केली. जुन्या नाचणाऱ्यांचे फेसबुकवरचे ग्रुप सलोनीने पालथे घातले. लोकांनी भरभरून लिहिलं. कुणाचं लग्न त्या गाण्यावर जमलं होतं, कुणाच्या वडिलांना शेवटपर्यंत ते आठवत होतं. ध्वनिफीत कुणाकडेच नव्हती. स्थानिक रेडिओवर एकदा त्यांचा कार्यक्रम झाला होता, तिथल्या टेप कधीच पुसून परत वापरल्या गेल्या होत्या. शेवटी हार्लेमच्या एका बाईंकडे त्यांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट निघाली. आम्ही दोघी त्यांच्याकडे गेलो. पडद्यावर काका होते. पस्तिशीतले, हॅट मागे सारलेली, माइक हातात, आणि समोर नाचणारी माणसं. काकांचं तोंड उघडलं, मान मागे गेली, सगळ्या जोडप्यांनी एक पाय उचलला. आणि त्या सबंध प्रसंगावर व्हिडिओवाल्याने पियानोचं गोड संगीत चिकटवलेलं होतं. कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. बाई म्हणाल्या, त्या काळी फार छान दिसायचं ते, जास्तीचे पैसे दिले होते. सलोनी पडद्याजवळ जाऊन वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

काका घरी आले तेव्हा गळ्याच्या खळगीत एक भोक होतं आणि त्यावर झाकण. बोलायचं असेल तर बोटाने ते दाबायचं. मग खोलवरून एक खरखरीत आवाज येई, जो त्यांचा नव्हता. वजन निम्मं झालं होतं. तरी दोन दिवसांनी त्यांनी निरोप धाडला: शनिवारी या, कूसलाही बोलावलंय, ऐकू या.

ते ऐकायला हॅट घालून बसले होते.

मी दारातच सांगून टाकायचं ठरवलं होतं. जमलं नाही. कॉफी झाली, कूसने दवाखान्यातल्या जेवणाची टिंगल केली, आणि काकांनी माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बोट दाखवलं. मग मी सांगितलं. यंत्राने गाणं काढून टाकलं, काका. विमानाबरोबर गाणंही गेलं. चूक माझी आहे, मला कळायला हवं होतं, माझंच काम होतं ते.  कूसला यातलं काही कळत नव्हतं, सलोनी त्याला हळू आवाजात डचमध्ये सांगत होती. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

काकांनी बोट गळ्याशी नेलं. "लाव," ते म्हणाले.

"काका, त्यात काही नाही."

"लाव."

मी फाइल लावली. शेवटच्या शनिवारची, त्यातल्या त्यात चांगली. काकांचं बोलणं आलं, स्वच्छ, तरतरीत, आणि सलोनीने तोंडावर हात दाबला. त्यांनी कूसला आकडे मोजून दिले. मग शांतता सुरू झाली. 'थां'. 'ब'. काका डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा बूट जमिनीवर ठेका धरत होता, कारण गाणं कुठे आहे ते त्यांना माहीत होतं. जिथे दुसरा 'ज' आला तिथे त्यांची मान वर गेली आणि बूट थांबला. किती वेळ थांबला! मग तो खाली आला, आणि ते पुढच्या ओळीला लागले. आम्ही तिघं त्या बुटाकडे बघत होतो. वरून एक विमान गेलं, तेवढंच काय ते ऐकू येत होतं.

साडेतीन मिनिटांनी गाणं संपलं. पुढे काय आहे ते मी त्या रविवारी ऐकलं होतं. बंद करायला मी घाईने हात पुढे केला, काकांनी माझं मनगट धरलं. लॅपटॉपमधून त्यांचा जुना आवाज आला, दमलेला, पण अगदी स्पष्ट. बोलणंच ते, यंत्राने एक अक्षरही सोडलं नव्हतं.

"आलं ना गो नीट? आज घसा बरा आहे. नाहीतर परत म्हणतो."

आणि मग माझा आवाज, तेवढाच स्पष्ट, हसरा: "नको काका, कशाला दमता? एकदम परफेक्ट आलंय."

फाइल तिथे संपते. माझं मनगट त्यांच्या हातातच होतं. पकड कमी झाली नव्हती, की वाढलीही नव्हती. दुसऱ्या हाताचं बोट त्यांनी गळ्यावर ठेवलं, एक-दोनदा नुसतीच हवा आली, मग शब्द आले.

"परत म्हणायला हवं होतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.